चढणारी एक, दोरी धरणारी एक

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)



मुळशी तालुक्यातल्या बाईला चढ नवा नाही. तैलबैल्याच्या त्या दोन उभ्या भिंती आपण लहानपणापासून बघतो. घनगडावर, कोरीगडावर आपली माणसं सणावाराला जातात. डोक्यावर लाकडाचा भारा घेऊन डोंगर उतरणं, पावसाळ्यात बांधावरून रोपांच्या मुठी घेऊन चालणं हे तर रोजचंच. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईहून मुलंमुली दोर, कड्या, टोप्या घेऊन तैलबैल्याला येतात. आपण त्यांना पिठलं-भाकरी करून घालतो आणि मनात म्हणतो, काय ही हौस! पैसे खर्चून कडा चढायचा?

आज मी त्याच हौशीबद्दल बोलणार आहे. पण कड्याबद्दल नाही, छताखालच्या भिंतीबद्दल. शहरात आता मोठ्या हॉलमध्ये उंच भिंती उभ्या करतात, त्यांवर रंगीबेरंगी खुंट्या बसवतात आणि लोक फी भरून त्या चढतात. तिला क्लाइंबिंग वॉल म्हणतात. आमच्या ग्रामसंघातल्या अकरा जणी गेल्या हिवाळ्यात पुण्यातली अशी एक भिंत बघायला गेलो होतो. बघायला गेलो आणि चढून आलो.

का गेलो, ते आधी सांगते. आमच्या एका गटातल्या ताईंची मुलगी नववीत आहे. शाळेच्या सहलीत ती अशा भिंतीवर चढली. तिथल्या शिक्षकांनी सांगितलं, मुलीचा तोल चांगला आहे, शिकवा. मुलीनं घरी हट्ट धरला आणि घरात दोन तट पडले. आजोबा म्हणाले, हातपाय मोडले तर लग्न कोण करील? वडील म्हणाले, दहावीचं वर्ष तोंडावर आलंय. आईला काय म्हणावं तेच कळेना, कारण तिनं ती भिंत पाहिलीच नव्हती. गटाच्या बैठकीत तिनं विषय काढला. तेव्हा आमच्या अध्यक्षा म्हणाल्या, "न बघता हो म्हणायचं नाही आणि न बघता नाही पण म्हणायचं नाही. कर्ज देताना आपण घर बघून येतो ना? मग हेही बघून येऊ."

खर्चासाठी गटाच्या बचतीला हात लावायचा नाही, हे पहिल्यांदा ठरलं. प्रत्येकीनं वेगळी वर्गणी काढली. सकाळी पौडहून बस धरली, चांदणी चौकातून पुढे गेलो आणि अकराच्या सुमारास तिथं पोचलो.

आत शिरल्यावर पहिला प्रश्न कोणता विचारला असेल? बाथरूम कुठे आहे आणि त्याला आतून कडी आहे का? हसू नका. बाई घराबाहेर पडली की सगळं तिथून सुरू होतं. बाथरूम स्वच्छ होतं, कपडे बदलायला वेगळी खोली होती. मग अर्ध्या जणींचा जीव भांड्यात पडला.

दुसरी गोष्ट होती कागद. चढण्याआधी सगळ्यांकडून एक फॉर्म भरून घेतात. तो होता इंग्रजीत. आपल्या गटांची सवय आहे, वाचल्याशिवाय सही नाही आणि अंगठाही नाही. आम्ही म्हटलं, मराठीत वाचून दाखवा. तिथली शिकवणारी पोरगी चोवीस-पंचवीस वर्षांची होती. तिनं खुर्ची ओढली आणि ओळ न् ओळ समजावून सांगितली. या खेळात धोका आहे हे मला माहीत आहे, मी सूचना पाळीन, मला काही आजार असेल तर आधी सांगीन, असा त्याचा अर्थ. आम्ही विचारलं, लागलं तर पुढे काय? प्रथमोपचाराची पेटी कुठे, जवळचा दवाखाना कोणता, विमा आहे का? तिनं सगळ्याची उत्तरं दिली. तिला राग आला नाही. उलट म्हणाली, "मावशी, इतके प्रश्न इथं कोणी विचारत नाही." मी म्हणते, विचारायलाच हवेत.

आजारपणाचं तिनं नीट विचारलं. आमच्यातल्या एकीचं रक्तदाब वाढण्याचं औषध चालू होतं. दुसरीची गर्भपिशवी काढून तीनच महिने झाले होते. या दोघी चढल्या नाहीत. गरोदर बाईनंही हा पट्टा बांधू नये. पाळी चालू असली तर? हा प्रश्न एकीनं माझ्या कानात विचारला, मी तो मोठ्यानं विचारला. पोरगी म्हणाली, अंगाला बरं वाटत असेल तर खुशाल चढा, त्यात मनाई कसली?

मग आली दागिन्यांची पाळी. अंगठ्या काढाच, असं तिनं बजावलं. खुंटीत अंगठी अडकली आणि अंगाचा भार आला तर बोटाला मोठी इजा होते. काचेच्या बांगड्या फुटून मनगट कापू शकतं. लोंबणारी साखळी दोरीत गुंतू शकते. बांगड्या काढून सगळ्यांनी एका रुमालात बांधल्या. मंगळसूत्राला मात्र हात थांबले. कोणी कोणाकडे बघेना. शेवटी दोघी-तिघींनी काढून पर्समध्ये ठेवलं. बाकीच्यांनी ब्लाउजच्या आत घेऊन सेफ्टी पिन लावली, आणि शिकवणारीनं तपासून चालेल म्हणून सांगितलं. जोडव्यांची गंमत वेगळीच. या खेळाचे बूट पायाला घट्ट बसवतात, म्हणजे बोटाच्या टोकावर उभं राहता येतं. जोडवी घालून ते बूट घालणं म्हणजे शिक्षाच. कोणी काढली, कोणी एक माप मोठे बूट घेतले.

कपड्यांचं म्हणाल तर सलवार-कमीज किंवा ट्रॅक पँट सोयीची. ओढणी बाजूला ठेवायची, केस घट्ट बांधायचे. आमच्या साठीच्या एक आजी नऊवारीत होत्या. त्यांनी पदर कमरेला खोचून काष्टा आवळला, वरून पट्टा बांधून घेतला आणि म्हणाल्या, "लावणीला याच लुगड्यात वाकते, चढायला काय होतंय?" शिकवणारीनं चारी बाजूंनी फिरून बघितलं, कुठं काही लोंबत नाही याची खात्री केली आणि मान डोलावली.

आता चढायचं कसं ते सांगते. तिथं दोन प्रकार होते. एक बुटकी भिंत, साधारण दोन पुरुष उंच. खाली जाड गाद्या. तिथं दोरी नसते. त्याला बोल्डरिंग म्हणतात. तिथं आधी शिकवतात ते पडायला. दोन्ही पायांवर उतरायचं, गुडघे वाकवायचे, मागे लोळण घ्यायची, पण हात मागे टेकायचे नाहीत, नाहीतर मनगट जातं. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी आम्हाला पडायला शिकवलं. आजवर सगळ्यांनी "पडशील" एवढंच सांगितलं होतं!

दुसरी उंच भिंत, दोरीची. कमरेला आणि मांड्यांना पट्टा बांधतात, त्याला हार्नेस म्हणतात. दोरी पट्ट्याला बांधलेली, ती वर जाऊन एका कडीतून परत खाली येते. खाली एक माणूस ती दोरी धरून उभा. त्याच्या पट्ट्याला एक छोटं यंत्र असतं. चढणारी वर सरकली की तो दोरी ओढून घेत राहतो. हात सुटला तरी चढणारी खाली पडत नाही, तिथंच लोंबकळते. गाठ असते इंग्रजी आठच्या आकाराची. आपल्या भाऱ्याची गाठ ओढली की सुटायला हवी, ही अजिबात सुटायला नको. दावं बांधणाऱ्या आमच्या दोघी-तिघींना ती एका झटक्यात जमली. दोरीही आपल्या विहिरीच्या दोरासारखी नसते. भार आला की ती थोडी ताणते, म्हणून अंगाला हिसका बसत नाही.

चढताना सगळ्यांची एकच चूक होते. हातानं ओढून चढायला बघतात. थोड्या वेळात हात भरून येतात, मुठी उघडत नाहीत. खरी ताकद पायात असते. हात सरळ ठेवायचे, पाय एकेक खुंटीवर चढवायचा आणि मांडीच्या जोरावर उठायचं. हे कळल्यावर आमच्या बायका भराभर वर गेल्या. डोंगर चढून चढून पाय तयारच होते.

अवघड जागा वेगळीच निघाली. वर पोचल्यावर हात सोडून मागे दोरीत बसायचं असतं, मग खालचा माणूस हळूहळू खाली सोडतो. तिथं भल्याभल्या अडकल्या. खुंटी सोडवेना. वर जायला भीती वाटली नाही, पण दुसऱ्याच्या भरवशावर अंग टाकायला भीती वाटली. एक ताई तर वर दहा मिनिटं खुंटी धरून होत्या. खालून आम्ही सगळ्या ओरडतोय, "सोडा हो सोडा!" शिकवणारी म्हणाली, ओरडू नका, त्यांना त्यांचा वेळ घेऊ द्या. मग त्यांनी एक हात सोडला, दोरी ओढून बघितली, दुसरा सोडला आणि बसल्या. खाली आल्यावर त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाल्या, "बाई, घरात मी सगळ्यांना धरून ठेवते. मला कोणी धरलंय असं आज पहिल्यांदा वाटलं."

पहिला तासभर दोरी तिथल्या माणसांनीच धरली. नंतर आमच्यातल्या तिघींना त्यांनी धरायला शिकवलं, तेही स्वतःचा हात दोरीच्या शेपटावर ठेवून. इथं एक नियम आहे. खालच्या बाईचा एक हात दोरीवरून कधीही सुटता कामा नये. मोबाइल वाजला तरी नाही, नाकावर माशी बसली तरी नाही. आणि चढण्याआधी दोघींनी एकमेकींचं तपासायचं. माझी गाठ तू बघ, तुझी कडी मी बघते. वीस वर्षं चढणारेही हे दर वेळी करतात. यात अविश्वास नाही, हीच रीत आहे.

आमच्यात एक सासू-सुनेची जोडी होती. सासूबाई वजनानं भारी, सूनबाई काडी. वर माणूस जड आणि खाली हलका असला तर खालचाच उचलला जातो. म्हणून सूनबाईंना पट्ट्यानं जमिनीतल्या कडीला बांधलं, दोरीवर शिकवणारीचाही हात होता. सासूबाईंनी चढण्याआधी वळून विचारलं, "सोडशील का गं मला?" सगळा हॉल हसला. सूनबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आत्याबाई, तुम्ही वर बघा. दोरी मी बघते." सासूबाई अर्ध्यापर्यंत गेल्या आणि दोरीत बसून खाली आल्या. घरी गेल्यावर त्यांचं सगळं गोड झालं, असं मी सांगणार नाही. पण त्या दिवशी एकीचा जीव दुसरीच्या हातात होता आणि दोघींना ते माहीत होतं.

एक कटू गोष्टही घडली. तिथं आलेला एक तरुण नऊवारीतल्या आजींचा व्हिडिओ काढत होता. आमच्या सचिव त्याच्याजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "दादा, आधी त्यांना विचारा." तो म्हणाला, काकू, कौतुकानं काढतोय. सचिव म्हणाल्या, "कौतुक असेल तर विचारायला काय हरकत?" त्यानं आजींना विचारलं. आजी नको म्हणाल्या. त्यानं तो पुसून टाकला आणि आम्हाला दाखवला. तेवढ्यावर विषय संपला. भांडण न करता, पण स्पष्ट बोलायचं.

मैत्रिणींनो, ही भिंत काही आजकालचं खूळ नाही. इंग्लंडमध्ये लीड्सच्या विद्यापीठात १९६४ साली डॉन रॉबिन्सन यांनी इमारतीतल्या एका बोळाच्या भिंतीत दगड बसवले आणि मुलांना पावसाथंडीतही सराव करता येईल अशी सोय केली. तिथून हे जगभर पसरलं. आपल्याकडे १९५४ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या गिरिविहार संस्थेनं २०१६ साली नवी मुंबईत या खेळाची विश्वचषक स्पर्धा भरवली. टोकियो ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ साली, हा खेळ पहिल्यांदा आला. स्लोव्हेनियाच्या यान्या गार्नब्रेट हिनं तिथं सुवर्णपदक मिळवलं आणि २०२४ मध्ये पॅरिसलाही मिळवलं. पॅरिसलाच पोलंडची अलेक्सांद्रा मिरोस्लाव पंधरा मीटरची भिंत साधारण सहा सेकंदांत चढली. आपल्याला घराचा जिना चढायला याहून जास्त वेळ लागतो.

डोंगरातल्या बायकांची नावंही आपल्याला माहीत असायला हवीत. बचेंद्री पाल उत्तरकाशीकडच्या खेड्यातली. २३ मे १९८४ रोजी एव्हरेस्टवर पोचलेली ती पहिली भारतीय महिला. आपल्या साताऱ्याची प्रियांका मोहिते २०१३ मध्ये एव्हरेस्टवर आणि २०२१ मध्ये अन्नपूर्णा शिखरावर गेली. सातारा आपल्यापासून काही लांब नाही.

आणि हिरकणी? तिची गोष्ट आपण सगळ्या सांगतो. गडाचे दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, म्हणून ती रात्री रायगडाचा कडा उतरली. तिचं धाडस मोठंच. पण बसमधून परत येताना आमच्या अध्यक्षांनी एक प्रश्न विचारला, तो तुमच्यापुढे ठेवते. त्या म्हणाल्या, "दोरीशिवाय उतरली म्हणून आपण तिचं कौतुक करतो. पण तिला दोरी का नव्हती, हे कोणी विचारतं का?" आपल्या बायकाही अशाच दोरीशिवाय जातात. ओल्या निसरड्या वाटेनं भारा आणतात, मोडक्या शिडीवरून माळ्यावर चढतात, दुखणं अंगावर काढतात. पडल्या तर म्हणतात, नीट बघून चालायला काय झालं होतं? आणि नाही पडल्या तर म्हणतात, किती कणखर! धाडस करायचं तर दोरी बांधून करावं, दोरी धरणारं माणूस बघून करावं. त्यानं धाडस कमी होत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा चढायला बाई शिल्लक राहते.

नववीतल्या त्या मुलीचं काय झालं, हे तुम्हाला विचारायचं असेल. परत आल्यावर तिच्या आईनं घरात सांगितलं, मी स्वतः चढून आले, गाठ कशी मारतात ते मला येतं. त्यावर आजोबा गप्प बसले. वडील पुढच्या खेपेला स्वतः बघायला गेले. आता ती महिन्यातून दोन रविवार जाते. अटी आईनं घातल्या आहेत. एकटीनं जायचं नाही, मैत्रीण सोबत हवी. परीक्षेच्या महिन्यात बंद. आणि दुखापत झाली तर लपवायची नाही. पुढे ती काय करील ते तिचं ती बघेल. निर्णय मात्र बघून, समजून झाला.

आता शेवटी कामाचं बोलते. आपल्या तालुक्यात रिसॉर्टं वाढली आहेत. तिथं दोरीवरून घसरण्याचे, भिंत चढण्याचे खेळ असतात. आपल्या शाळांच्या सहली तिथं जातात, आपल्यातल्या काही जणी तिथं कामालाही आहेत. राज्य सरकारनं २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं आहे. असे उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. तेव्हा मूल पाठवण्याआधी एवढं विचारा. नोंदणी आहे का? शिकवणारा कोणाकडे शिकला? पट्ट्यांवर आणि कड्यांवर सीई किंवा यूआयएए अशी खूण आहे का? दोरी कुठं फुगलेली, कातरलेली तर नाही? डोक्याला हेल्मेट कुठं लागतं? दोरी आपोआप आवळणारं यंत्र असेल तर कडी लावली की नाही हे चढण्याआधी कोण तपासतं? कारण ती कडी लावायची विसरून लोक वर जातात आणि तिथंच अपघात होतात. मुलांना एकच सांगून ठेवा, कडी लावल्याचा आवाज ऐकल्याशिवाय आणि ओढून बघितल्याशिवाय पाय उचलायचा नाही.

आणि जमलं तर तुमच्या गटानंही एकदा जाऊन या. पैसे वेगळे काढा, वहीत वेगळे लिहा. चढायचं नसेल त्यांनी चढू नये, खाली बसून बघण्यातही मजा आहे. आमच्या ज्या दोघी चढल्या नाहीत, त्यांनी सगळ्यांच्या बांगड्यांचा रुमाल सांभाळला आणि कोण किती उंच गेलं याचा हिशोब ठेवला. घरी कोणी विचारलं, यातून मिळालं काय, तर सांगा की दोन तास आम्ही आमच्यासाठी घालवले. एवढं कारण पुरे आहे.

पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. तुमच्या गावातली कोणती मुलगी कुठल्या खेळासाठी अडून बसली आहे, तेही विचारा. आणि काय ठरलं ते आपल्या रेडिओला जरूर कळवा.